एक्केचाळीस भोके

मित्रांनो, फाटकावरची पितळी पाटी वाचून माझ्याबद्दल मत बनवू नका. तिच्यावर 'हेरिटेज रिसॉर्ट' असे कोरले आहे आणि खाली पाच चांदण्या आहेत. त्या चांदण्या मी कुणाकडे मागितल्या नव्हत्या. मी मसुरीचा, लंढौरच्या बाजूच्या उतारावरचा दीडशे वर्षांचा बंगला आहे आणि खरे सांगायचे तर आता फार थकलो आहे. लोक माझे फोटो काढतात, 'वा, काय ऐट आहे' म्हणतात. ऐट कसली? ज्याचे गुडघे गेले आहेत तो माणूस भिंतीला टेकून ताठ उभा राहतो, तशी ही ऐट.

मला बांधले कर्नल प्रिचर्ड नावाच्या निवृत्त साहेबाने. आधी त्याने माझे नाव ठरवले, लार्चवूड, आणि मग जागा शोधली. मसुरीत लार्चचे झाड औषधालाही नाही, पण साहेबाला सांगणार कोण? खालच्या गावातले लोक मला बुरांसवाली कोठी म्हणत, कारण दारात बुरांसचे झाड होते आणि फागुनात ते लालभडक फुलायचे. माझे खरे नाव ते.

साहेबाला विलायतेसारखी सपाट हिरवळ हवी होती, बायकोने तिथे चहा घ्यावा म्हणून. डोंगरावर सपाट जागा मागणे म्हणजे टकलाकडे कंगवा मागण्यासारखे. पण टिहरीकडून आलेल्या दल्लू मिस्त्रीने ती करून दिली. त्याने खालच्या उतारावरून वीस हात उंच दगडी भिंत चढवली आणि तिच्यामागे माती भरली. आमच्याकडे अशा भिंतीला पुश्ता म्हणतात. पुश्त्यावर हिरवळ आली आणि हिरवळीच्या कडेवर माझे जेवणघर आले. पाहुण्यांना वाटते मी डोंगरावर उभा आहे. नाही. माझा अर्धा भार डोंगरावर आहे आणि अर्धा त्या भिंतीवर.

माझ्या चुन्यात गूळ आहे आणि वाटलेली उडदाची डाळ आहे, तीही इतकी की एखाद्या गावाची वर्षभराची भजी झाली असती. लाकूड सगळे देवदाराचे. त्यामुळे मी टिकलो असे पाहुण्यांना सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. दल्लू मिस्त्रीने त्या पुश्त्यात तीन ओळींत, मूठ जाईल एवढी, एक्केचाळीस भोके ठेवली होती. मी टिकलो तो त्या भोकांमुळे.

भोके पाहून कर्नल भडकला होता. "नव्या भिंतीला भोकं? उंदीर शिरतील!"

"उंदीर शिरला तर धान्य खाईल साहेब," दल्लू म्हणाला. "पाणी कोंडलं तर घर खाईल."

पहिल्याच श्रावणात त्या भोकांतून एक्केचाळीस धारा सुटल्या. डोंगराच्या पोटातले सगळे पाणी माझ्या पायाखालून निमूट बाहेर पडत होते. कर्नल छत्री घेऊन खाली आला, थोडा वेळ बघत राहिला आणि चहा प्यायला आत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने दल्लूच्या मुलाला माळी म्हणून ठेवून घेतले.

तेव्हापासून एक रीत पडली. जेठ महिन्यात, पावसाच्या आधी, दल्लूच्या घरातला माणूस लांब लोखंडी सळई घेऊन पुश्त्याखाली जाई आणि एकेक भोक साफ करी. मुळ्या, माती, मुंग्यांची घरे, कधी सापाची कात निघे. पहिल्या भोकात चिमूटभर गूळ ठेवायचा, जमिनीच्या देवासाठी, आणि मग कामाला लागायचे. प्रत्येक भोक झाले की त्याला गाल लावून बघायचे. आतून गार हवा लागली की ते भोक मोकळे झाले. हे काम कोणत्याही कागदावर नव्हते. कागदावर ते सगळे माळीच होते. बापाने मुलाला दाखवायचे, मुलाने नातवाला. माझे सगळे आयुष्य या न लिहिलेल्या कामावर तोलून राहिले आहे, मित्रांनो, आणि हे आठवले की मला कधी कधी राग येतो.

बाकीचे आयुष्य सांगण्यासारखे आहे, पण सांगायला उत्साह नाही. कर्नल गेला, त्याची मुले विलायतेला गेली. मग एका छोट्या संस्थानाच्या राणीसाहेब उन्हाळ्यात येऊ लागल्या. त्यांच्याबरोबर अकरा कुत्री असत आणि प्रत्येक कुत्र्याला वेगळी खोली लागे. नंतर तलवार नावाच्या पंजाबी लालाजींनी मला विकत घेऊन माझे हॉटेल केले. नवी जोडपी यायची, माझ्या देवदारी कठड्यावर चाकूने नावे कोरायची. काही जण म्हातारपणी परत येऊन ती नावे शोधायचे आणि सापडली की माझ्या कठड्याला धरून रडायचे. लालाजी चांगला माणूस होता. जेठात सळईचा आवाज आला की तो स्वयंपाकघरातून पुश्त्याखाली चहा आणि गरम पकोडे पाठवी. त्याला त्या कामातले काही कळत नव्हते, पण कुणीतरी आपल्यासाठी राबते आहे एवढे कळत होते. मालकाला तेवढे कळले तरी पुरते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे तिच्यावर आहे. माझ्या जेवणघरातून हिरवळीवर उघडणारे एक जाड दार आहे. पुश्त्यामागे पाणी साचू लागले की भिंत जवाएवढी पुढे सरकते. तिच्यावरची माझी जमीन ओढली जाते, चौकट तिरपी होते आणि ते दार अडकू लागते. मला तोंड नाही. मी त्या दाराने बोलतो. दल्लूच्या घरच्यांना हे ठाऊक होते. श्रावणात दार कुरकुरले की ते सळई घेऊन खाली जात, तुंबलेले भोक शोधत आणि दोन दिवसांत दार पुन्हा सहज फिरू लागे.

दल्लूचा पणतू सत्येसिंह. माझ्या अंगणातच रांगला, माझ्याच अंगणात म्हातारा झाला. सगळे त्याला बोडाजी म्हणत, म्हणजे थोरले काका. बोलणे कमी, चालणे हळू आणि विडी ओढताना कायम एक डोळा बारीक. बायको गेली होती, मुलगा फौजेत दूर सीमेवर होता. सून दमयंती माझ्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. तिच्या दोन मुली मसुरीच्या शाळेत जात. हे कुटुंब राहायचे कुठे, तर पुश्त्याच्या अगदी पायथ्याशी, नोकरांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. म्हणजे पुश्ता कोसळला तर माझे जेवणघर खाली येणार होते, पण येणार होते ते यांच्या डोक्यावर.

पाच वर्षांपूर्वी लालाजींच्या मुलांनी मला एका कंपनीला विकले. सूरी नावाचा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता. सपाटीवरच्या शहरातला होता, एवढेच. बूट स्वच्छ, बोलणे स्वच्छ, सगळे स्वच्छ हवे. त्याने प्रत्येक नोकराच्या कामांची यादी करून कचेरीत लावली. हिरवळ कापणे, गुलाबांना खत, फाटकाला तेल. भोकांचे काम कुठे लिहिलेलेच नव्हते, तेव्हा ते यादीत येणार कुठून?

वैशाखात त्याने पुश्त्याला सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि दिल्लीहून चित्रकार बोलावला. चित्रकाराने भिंतभर चित्र काढले. छत्री घेतलेली एक मडम, नेच्याची झुडपे आणि धूर सोडणारी आगगाडी. मसुरीत आजतागायत आगगाडी आलेली नाही, पण चित्रात आली. एक्केचाळीस भोके त्या मडमेच्या झग्याखाली आणि आगगाडीखाली गडप झाली.

सत्येसिंह टोपी हातात घेऊन कचेरीत गेला.

"साहेब, भोकं बुजवलीत."

"कसली भोकं?"

"पुश्त्याची. पाणी जायची."

"अहो बोडाजी, त्यातनं शेवाळ ओघळायचं. पाहुणे तिथं फोटो काढतात. आता बघा कसं झालंय!"

"झालंय छान. पाणी कुठून जाईल?"

"सिमेंट आहे ते. पाणी आत शिरणारच नाही."

"बाहेरून नाही शिरत, साहेब. मागून येतं. डोंगरातून. त्या पाण्याला तुमचं सिमेंट कुणी दाखवलंय?"

सूरी हसला. "बोडाजी, तुम्ही गुलाब बघा. भिंतीचं आम्ही बघतो."

"नाक दाबलं की तोंड उघडतं, साहेब," सत्येसिंह म्हणाला. "कुठलं उघडेल ते आधी कळत नाही." आणि तो बाहेर आला.

मित्रांनो, तो तेवढ्यावरच थांबला, याचा मला फार राग आला. त्याने टेबलावर हात आपटायला हवा होता. सळई घेऊन त्याच दिवशी गिलावा फोडायला हवा होता. पण त्याची अडचण मला माहीत होती. त्याचे वय झाले होते. आपल्यानंतर ते दोन खोल्यांचे क्वार्टर दमयंतीच्या नावावर राहावे, मुलींची शाळा सुटू नये, म्हणून त्याने सूरीकडे शब्द टाकला होता आणि सूरीने 'बघू' म्हटले होते. गरिबाला 'बघू' हा शब्द फार जपावा लागतो. तो गुलाबांकडे गेला. जेठ आला आणि गेला. सळई क्वार्टरच्या कोपऱ्यात उभीच राहिली.

त्या वर्षी श्रावणात अकरा दिवस झड लागली. धुके असे की माझ्या खिडकीतून माझेच फाटक दिसत नव्हते. माझ्या पायामागे पाणी चढू लागले. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. इतक्या वर्षांत असे पाणी मला कधी लागले नव्हते. मी घाबरलो. मी माझ्या परीने ओरडलो, म्हणजे सोमवारी सकाळी जेवणघराचे दार अडकवले.

वाढप्याने खांदा लावून ते उघडले आणि सूरीला सांगितले. सूरीने यासीन मिस्त्रीला बोलावले. यासीन सहारनपूरचा सुतार, हाताला देवाचे देणे असलेला. त्याने दार उतरवले, कड रंध्याने तासली, पुन्हा बसवले. दार लागू लागले. बुधवारी ते पुन्हा अडकले. यासीन पुन्हा आला, पुन्हा तासून गेला. मी ओरडत होतो आणि ते माझी जीभ तासत होते. यापेक्षा जास्त थकवणारे दुसरे काही असेल तर मला माहीत नाही.

शुक्रवारी दिल्लीच्या एका लग्नघराची मेहंदी होती. हिरवळीवर मोठा मांडव घातला होता, आत ढोलक वाजत होती, पाहुण्या बायका हात पुढे करून बसल्या होत्या. सत्येसिंह गुलाबाच्या कुंड्या उचलून जेवणघरातून नेत होता. दारापाशी त्याच्या पायाखाली काहीतरी चुरचुरले. त्याने खाली पाहिले. देवदाराच्या कुरळ्या ढलप्या पडल्या होत्या आणि यासीन गुडघे टेकून दार तासत होता.

"यासीन, हे काय?"

"नशीब माझं, बोडाजी. दार आहे की उंट? रोज नव्या बाजूला मान. आता आणखी तासलं तर साहेबांना म्हणावं पडदाच लावा."

"आणखी म्हणजे?"

"आजचं तिसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा? कधीपासून?"

"सोमवारपासून. तुम्ही काय माझी हजेरी घेताय?"

सत्येसिंहाने कुंडी खाली ठेवली. चौकटीवर तळहात ठेवून तो उभा राहिला. दीडशे वर्षांत कुणी माझी नाडी इतक्या काळजीने पाहिली नव्हती.

"रंधा ठेव," तो म्हणाला. "हातोडा आणि छिन्नी घे. चल."

"कुठे? साहेबांनी सांगितलंय दुपारच्या आत..."

"तुझं दार ठीक आहे, यासीन. घर चाललंय."

"कुठे चाललंय?"

"माझ्या नातींच्या अंगावर."

यासीनने हातोडा-छिन्नी उचलली. दोघे पावसात पायऱ्या उतरले. क्वार्टरच्या दारात दमयंती ओल्या लाकडांवर चहा ठेवत होती. पावसाने शाळेला सुट्टी होती, मुली घरातच होत्या.

"ब्वारी," सत्येसिंह म्हणाला, सुनेला आमच्याकडे अशीच हाक मारतात, "मुलींना वर सडकेवर चहावाल्याकडे बसव. आत्ता. चपला शोधत बसू नको."

दमयंतीने एकदा सासऱ्याच्या तोंडाकडे आणि एकदा भिंतीकडे पाहिले. मग ती मुलींना काखोटीला मारून निघाली. परत आली तेव्हा तिच्या हातात कोपऱ्यातली सळई होती.

पुश्ता मधोमध फुगला होता. चित्रकाराने काढले होते त्यापेक्षा मडमेचे पोट बरेच पुढे आले होते आणि छत्रीवरून एक बारीक भेग खाली आली होती. यासीनने तिथेच हातोडा उगारला.

"तिथं नाही!" सत्येसिंह ओरडला. मी त्याला ओरडताना प्रथमच ऐकले. "फुगलेल्या जागेला हात लावायचा नाही. दोन्ही कडांनी यायचं. हळूहळू."

पण भोके होती कुठे? वर सगळा गिलावा आणि रंग. सत्येसिंहाने कोपऱ्यातल्या दगडाला हात टेकला आणि विती मोजत निघाला. पाच विती, थांब. इथे फोड. चार विती, थांब. इथे. खालच्या ओळीतले सातवे एक वीत वर आहे, कारण पणजोबाला तिथे मोठा धोंडा लागला होता. हे त्याने कुठे वाचले नव्हते. लहानपणी बापाच्या मागे गूळ घेऊन फिरताना त्याच्या हातांनी ते पाठ केले होते.

पहिले भोक फुटले, सळई आत गेली, तरी काही आले नाही. दमयंतीने सगळा भार देऊन सळई ढकलली. भिंतीच्या आत काहीतरी खोकल्यासारखे झाले आणि पिवळ्या चिखलाची धार तिच्या छातीवर आदळली. ती मागे पडली, उठली आणि तोंड पुसून म्हणाली, "पुढचं कुठलं?"

वर मांडवातले पाहुणे कठड्याशी गोळा झाले. त्यांना वाटले, हा हॉटेलचाच काहीतरी खेळ आहे. आगगाडीच्या धुराड्यातून पाणी उडाले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइल बाहेर आले. आणि छत्री सावरत, चिखलात बूट रुतवत सूरी खाली पोहोचला.

"काय चाललंय हे? थांबवा! अहो वर मेहंदी चालली आहे!"

"चालू द्या, साहेब," सत्येसिंह न वळता म्हणाला. "लग्नघर आहे, हात रंगायलाच हवेत. ब्वारी, चार विती."

"बोडाजी, मी तुम्हाला सांगतोय! दिल्लीहून माणूस आणून काढलेलं चित्र आहे ते!"

"साहेब, जरा बाजूला व्हा," दमयंती म्हणाली. "तुमची छत्री सळईला अडते."

सूरी बाजूला झाला. का झाला, ते त्यालाही कळले नसेल.

अंधार पडायच्या आत तीस भोके मोकळी झाली. उरलेली दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी चिखल आला, मग गढूळ पाणी आणि मग डोंगरातले स्वच्छ, गार पाणी. मित्रांनो, तो सुटकेचा क्षण मला सांगता येणार नाही. पाठीवरचे ओझे कुणीतरी उतरवून घ्यावे आणि 'बस जरा' म्हणावे, तसे झाले. फुगलेली भिंत मागे गेली नाही, ती आजही तशीच आहे. पण पुढेही आली नाही. मेहंदी पार पडली, लग्न झाले, मुली संध्याकाळी आपल्या क्वार्टरसमोर दोरीवर उड्या मारू लागल्या.

चौथ्या दिवशी सूरीने सत्येसिंहाला कचेरीत बोलावले. वरून विचारणा झाली होती. कुणाच्या परवानगीने चित्र फोडले? सूरीला कुणाचे तरी नाव द्यायचे होते.

"तुम्ही बरोबरही असाल, बोडाजी," तो खाली बघत म्हणाला. "पण आधी मला विचारायला हवं होतं."

"विचारलं होतं, साहेब. वैशाखात."

सूरीने टेबलावरची लेखणी उचलून कागदावर त्याचेच नाव लिहिले. कंपनीचा हुकूम होता. महिन्याच्या अखेरीस क्वार्टर रिकामे करायचे ठरले. जे घर वाचवायला हा म्हातारा भिंतीला भिडला, त्याच घरातून त्याला जावे लागले. आणि मी एवढा मोठा, बावीस खोल्यांचा, माझ्याकडे त्याला द्यायला एक कोपरा नव्हता. हे दुःख मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

जाण्याआधी त्याने यासीनला बोलावले. तीनदा तासलेले दार आता इतके सैल झाले होते की फटीतून बोटे जात होती.

"कडेला देवदाराची पट्टी ठोक," सत्येसिंह म्हणाला. "होतं तेवढंच कर. जास्त नको, कमी नको."

"ढिलंच राहू द्या की, बोडाजी. पुन्हा अडकायची भानगड नको."

"अडकायलाच हवं ते. नाहीतर या घराला बोलता कसं येईल?"

यासीनने पट्टी ठोकली. पिशवीत उरलेल्या ढलप्या जोडून, त्यांची जाडी बोटांनी चाचपून त्याने ती तंतोतंत बसवली. पैसे मागितले नाहीत. सत्येसिंहाने दार तीनदा उघडून लावले, डोळा बारीक केला आणि मान हलवली. मग ते चौघे एका टॅक्सीत भांडी-अंथरुणे घालून खाली देहरादूनला राजपूरकडे गेले. दमयंतीला तिथल्या एका वसतिगृहात धुण्याचे काम मिळाले होते.

भाद्रपदात लख्ख उन्हात कंपनीचा तपासनीस आला. त्याने भोके पाहिली आणि 'पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था उत्तम' असा शेरा मारला. सूरीला त्याबद्दल चौकटीतले प्रशस्तिपत्रक मिळाले. ते माझ्याच भिंतीला खिळा मारून लावले आहे. हिवाळ्यात चित्र पुन्हा रंगवले, भोके सोडून. आणि पुढच्या वर्षी त्या भोकांत शोभेचे छोटे दिवे बसवले. माणसांना रिकामी जागा बघवत नाही.

जेठात सत्येसिंह बसने आला. सळई गोणपाटात गुंडाळलेली. फाटकावरचा पहारेकरी धनपाल त्याच्याच गावचा.

"बोडाजी, तुम्हाला आत सोडायची बंदी आहे," तो म्हणाला. मग त्याने तोंड फिरवले. "मागच्या पायवाटेकडे माझं लक्ष नसतं, हे तुम्हाला माहीतच आहे."

सत्येसिंहाने दिवे एकेक काढून गवतावर ओळीने मांडले, पहिल्या भोकात गूळ ठेवला आणि एक्केचाळीस भोके साफ केली. सूरी वरच्या कठड्यावर आला. थोडा वेळ बघत उभा राहिला आणि चहा प्यायला आत गेला. साहेब बदलतात, चहा तोच. पण त्यानंतर कुणी ते दिवे पुन्हा बसवले नाहीत, हेही सांगायला हवे.

त्याच्या पुढच्या जेठातही तो आला. पायऱ्यांवर तीनदा बसला. प्रत्येक भोकाला गाल लावायला मात्र चुकला नाही.

गेल्या वर्षी दमयंती आली. एकटी. सळई तीच होती. मला जे कळायचे ते कळले. तिने गूळ ठेवला आणि विती मोजत निघाली. सासऱ्याच्या हातापेक्षा तिचा हात लहान, म्हणून प्रत्येक वितीमागे दोन बोटे जास्त धरत होती. एक पाहुणी बाई फोटो काढता काढता थांबली.

"तुम्ही इथं कामाला आहात का?"

"नाही."

"मग?"

"आम्ही इथं खाली राहायचो," दमयंती म्हणाली आणि पुढच्या भोकाकडे वळली.

दुपारी ती गेली. तासाभराने पुन्हा पायवाटेवर दिसली, धापा टाकत. बसच्या थांब्यावर बसून तिने मनातल्या मनात मोजले होते आणि एकोणचाळीसच भरली होती. उरलेली दोन नव्या पाण्याच्या टाकीमागे सापडली. तीही तिने आडवे पडून, चिखलात कोपर टेकून मोकळी केली. तिची बस चुकली असणार.

मित्रांनो, आता पुन्हा जेठ लागला आहे. बारा दिवस झाले. धनपाल निवृत्त होऊन गावी गेला, फाटकावर कॅमेरा आला आहे आणि कॅमेऱ्याला तोंड फिरवता येत नाही. मागच्या पायवाटेवर अजून कुणाचे पाऊल वाजलेले नाही. पाच-सहा भोकांत वेफरची रिकामी पाकिटे कोंबलेली मला जाणवतात. ती तुमच्यासारख्याच मुलांनी कोंबली आहेत. मी रागावलो नाही. भोक दिसले की त्यात काहीतरी घालावेसे वाटते, हे मी कर्नलपासून पाहतो आहे.

पण उन्हाळ्याच्या सुट्टीत कधी इकडे आलात, तर माझे झुंबर नका बघू, माझी पाटी नका वाचू. पायऱ्या उतरून पुश्त्यापाशी जा. एखादी काडी घ्या, एक भोक मोकळे करा आणि त्याला गाल लावून बघा. गार हवा लागली तर समजा, मी अजून आहे. कौतुक करून करून लोकांनी मला दमवले आहे. मला हवी आहे ती एक काडी.

जेवणघराचे दार आज सकाळी सहज लागले. देवदाराची ती पट्टी अजून घट्ट आहे. पण पावसात ते दार कधी अडकू लागले, तर कृपा करून रंधा मागवू नका. खाली जा.